उपाशी पोरीला घेऊन पांढुर्ण्याला

माझी पोरगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती आणि चावतही नव्हती. खिचडी असो की वरण-भात, मिक्सरमधून काढून पातळ केल्याशिवाय तिच्या पोटात जायचं नाही. याला कारण मीच. आठ महिन्यांची असताना मी हौसेनं तिच्या तोंडात संत्र्याची फोड दिली. ती घशात अडकली, पोरगी निळी पडली. सासूबाईंनी पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे फोड बाहेर आली. सौंसरला आमची स्वतःची संत्र्याची बाग, पण त्या दिवसापासून या एका पोरीला घरात फोड मिळाली नाही.

पांढुर्ण्याला दर शनिवारी एक मॅडम यायच्या, मुलांना बोलायला आणि खायला शिकवणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं, "येताना उपाशी आणा. तिनं मागायच्या आधीच तुम्ही देऊन राहिल्या, तर ती मागेल कशाला?"

उपाशी! आमच्या घरून पाहुणासुद्धा कोरड्या तोंडानं जात नाही, आणि मी लेकराला उपाशी बसमध्ये बसवू? सासूबाई दारातच अडवायच्या, "काऊन वं, उपाशी नेतं का लेकराले? कसं मन होते तुयं!" मन होतच नव्हतं. मी थर्मासमध्ये पातळ खिचडी भरायची आणि बसमध्येच चमच्या-चमच्यानं भरवून टाकायची. मॅडमसमोर रडली तर काय घ्या, ही एकच धास्ती. त्यांनी विचारलं की खुशाल सांगायची, "नाही जी, सकाळपासून काहीच नाही दिलं."

तीन शनिवार पोरगी त्यांच्यापुढे ढिम्म. केळ्याचा तुकडा हातात धरून नुसती बसायची. मॅडम वहीत काहीतरी लिहायच्या. चौथ्या शनिवारी पोरीनं त्यांच्यासमोरच मस्त ढेकर दिला आणि खिचडी फ्रॉकवर आली. ताजी, पिवळीधम्मक. मी मेले लाजेनं.

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. वही मिटून म्हणाल्या, "ताई, हिला भूकच लागत नाही असं मी तीन आठवडे लिहून राहिली. त्यावरून नागपूरला तपासण्या करायला पाठवणार होते."

म्हणजे भीती माझी, आणि आजार पोरीच्या नावावर चढत होता. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला लाख शिव्या दिल्या.

पुढच्या शनिवारी मी तिला खरंच उपाशी नेलं. थर्मास मात्र पिशवीत होताच, तो घरी ठेवायची हिंमत झाली नाही. बसमध्ये पोरगी ती पिशवी ओढून ओढून रडली. समोरची बाई बोललीच, "द्या न काही लेकराले, कशी माय आहे!" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पोचल्यावर मॅडमनी मलमलच्या फडक्यात फोड बांधली, फडक्याचं टोक आपल्या मुठीत घट्ट धरलं आणि ती पुरचुंडी तिच्या दाढेखाली ठेवली. फोड, तीही संत्र्याचीच! मी अर्धी उठले.

"बसा ताई. फडकं माझ्या हातात आहे, फोड कुठे जात नाही."

पोरीनं तोंड वाकडं केलं. मग रस जिभेला लागला असावा. जबडा हलला. थांबला. पुन्हा हलला. आणि तिला ठसका लागला, तशी मॅडमनी पुरचुंडी बाहेर ओढली. अरे देवा! तेच निळं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं. ठसका केव्हाच थांबला होता, पण मी थर्मास उघडला, चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला.

तिनं माझा हात ढकलला. फडक्याकडे वाकली आणि म्हणाली, "नोको."

तिच्या तोंडून "आई" ऐकायला मी तीन वर्षं कान लावून बसले होते. पहिला शब्द आला तो मला थांबवायला. मी तिथंच रडायला लागले. चमचा अजून हातातच होता. मॅडमनी तो हळूच काढून घेतला, आणि मी घेऊ दिला.