न वाजवलेली ओळ

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. सुनंदाला, माझ्या बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझा चोरून खाल्लेला लाडूही लपत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. पोटात ठेवून ठेवून कडू झालंय, एवढंच.

मी नागपूरचा, भजनी मंडळात पेटी वाजवणारा. पोटासाठी इंजिनियर, कॅनडात हॅमिल्टनच्या एका स्टीलच्या कारखान्यात. तिथे रॉय क्रेन चालवायचा आणि शनिवार-रविवार ब्लूजची इंग्रजी गाणी गायचा. त्याला ऑर्गनवाला हवा होता. पेटीवरची बोटं ऑर्गनवर बसली आणि मी त्याचा साथीदार झालो. बार, लग्नाचे हॉल, ग्वेल्फच्या जत्रा — बर्फात व्हॅन ढकलत सगळीकडे गेलो. पण साथीदाराच्या वाट्याला काय येतं? मागची खुर्ची. पोस्टरवर फोटो त्याचा. खाली बारीक अक्षरांत ‘आणि बँड’.

साठी उलटल्यावर रॉय शब्द विसरायला लागला. हे फक्त मला कळलं होतं. मग मी पुढच्या ओळीची सुरावट हळूच आधी वाजवायचो. आमच्याकडे नवख्या गायकाला पेटीवाला असंच सांभाळून नेतो. सूर कानावर पडला की शब्द त्याच्या तोंडात यायचे. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. अडला की तो फक्त माझ्याकडे बघायचा.

त्या रविवारी दुपारी तळ्याकाठच्या पार्कात कार्यक्रम होता. सुनंदाने मराठी मंडळातली पाच-सहा कुटुंबं हौसेने आणली होती. शेवटाकडे गायकाने एकेका वादकाचं नाव घ्यायचं, त्याने थोडं एकट्याने वाजवायचं, लोकांनी टाळ्या द्यायच्या — हा तिथला रिवाज. रॉयने ड्रमवाल्याचं नाव घेतलं, गिटारवाल्याचं, बेसवाल्याचं. मग माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं — आणि सरळ पुढचं गाणं सुरू केलं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. शब्द विसरणारा माणूस नावही विसरेल, हे मला नाही तर कुणाला कळायला हवं होतं? पण डोक्यात एकच — इतकी वर्षं तुला सांभाळलं, आणि माझ्या माणसांसमोर मी कुणीच नाही?

दुसऱ्या कडव्याआधी तो अडला. माझ्याकडे बघितलं. मी बोटं उचलली. हो, मुद्दाम. खाली वाकून उगाच एक बटण फिरवत बसलो. ड्रम चालू, बेस चालू, आणि रॉय माईकसमोर नुसता उभा. लोकांनी आधी टाळ्या वाजवून धीर दिला. मग कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. तो पुन्हा माझ्याकडे वळला — मी मान वर केलीच नाही. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला बरं वाटलं.

व्हॅनमध्ये सामान भरताना तोच माझी माफी मागायला लागला. “सॉरी मॅन. तू वाजवलंच असणार. मलाच ऐकू आलं नाही.”

मी वायर गुंडाळत राहिलो.

त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. आपले कान गेले, असं सगळ्यांना सांगत फिरला. सुनंदा हळहळली — “अहो, बिचाऱ्याला कान तपासायची अपॉइंटमेंट तरी घेऊन द्या, राइड द्या.” मी दिली. कारखान्यात जन्म काढलेल्याचे कान थोडे अधू निघायचेच. तपासणारीने कानाचं मशीन बसवून दिलं.

ते लावून रॉय आमच्या बेसमेंटमध्ये आला. म्हणाला, “ती ओळ वाजव.” मी वाजवली. नीट, एकही सूर न सोडता. तो लहान पोरासारखा खुलला, मग त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, “तेव्हा हे मशीन असतं तर?”

मी म्हटलं, “हो रॉय. तेव्हा मशीन असतं, तर निभावलं असतं.”