तुरीची उघडी शेंग

मुखेडहून ज्ञानोबाच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी पेपर वाचत बसलो होतो. "सर, बाबा गेले," ती म्हणाली. आणि मग, "तुमच्या कालेजातल्या त्या तुरीवर बाबांचं नाव हाय का हो? शेवटी शेवटी सारखं इचारत होते..." मी "बघतो" म्हणालो. बघायची गरज नव्हती. महाविद्यालयाच्या कपाटात ठेवलेल्या तुरीच्या त्या वाळवलेल्या नमुन्यावर माझं नाव आहे. या गोष्टीला सव्वा महिना झाला.

ज्ञानोबा आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. मुलं त्याला मामा म्हणत. सुट्टीला तो मुखेडजवळच्या शेतावर जाई आणि सोमवारी एसटीतून रद्दीत दाबलेली झाडं घेऊन येई. मी तेव्हा शेंगांच्या कुळावर प्रबंध लिहीत होतो. तरवड, बहावा यांच्या मोकळ्या फुलांपासून तुरीच्या बंदिस्त फुलापर्यंत हे कुळ कसं पोचलं, हा माझा विषय. तुरीच्या फुलात वरची पाकळी झेंड्यासारखी उभी, बाजूला दोन पंख, आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून झालेली होडी, तिच्यात पुंकेसर लपलेले. मधमाशी बसली की होडी दबते आणि पराग तिच्या अंगाला लागतो. शेंग म्हणजे मुळात दुमडून कडा शिवलेलं पान, हेही मी वर्षानुवर्षं शिकवलं. फळ्यावर.

एका सोमवारी ज्ञानोबानं तुरीची एक फांदी माझ्यापुढे ठेवली. पाचही पाकळ्या सारख्या, होडी जुळलेलीच नाही, शेंगांची शिवण उसवल्यासारखी आणि दाणे कडेला उघडे बसलेले. "रोगट आहे, फेकून दे," मी मान वर न करता म्हणालो. "बरं सर," म्हणाला, आणि फेकली नाही. शेतातल्या त्या झाडाच्या कळ्यांवर त्यानं बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या बांधल्या, माशीनं दुसऱ्या तुरीचा पराग आणू नये म्हणून. धरलेलं बी वेगळं पेरलं. असे तीन हंगाम. मग मला शेतावर घेऊन गेला. ओळच्या ओळ उघड्या शेंगांची!

"रोग असता तर लेकरा-नातवंडांत असा उतरला असता का, सर? आन् तुमी म्हनले फेक!"

बांधावरून त्याची बायको म्हणाली, "सर, खायच्या तुरीकडं बी बघा म्हनावं यांना. ती समदी गुरांनी खाल्ली."

आम्ही तिघंही खूप हसलो. पूर्वज परत आला, असं मी म्हणणार नाही. पण या कुळानं काय काय जोडलं आणि शिवलं, ते त्या ओळीत उसवून दाखवल्यासारखं दिसत होतं. माझा प्रबंध त्या ओळीवर उभा राहिला.

त्या तुरीची फांदी वाळवून चिकटवलेल्या नमुन्याच्या कागदावर ज्ञानोबाच्या अक्षरातलं लेबल होतं. गाव, तारीख, आणि 'संग्राहक' या शब्दापुढे त्याचं नाव. परीक्षक येणार होते. परिचराचं नाव पाहून ते काय म्हणतील, अशी भीती मला वाटली... भीती नव्हे, हाव होती ती. माझ्या नावाचं लेबल टंकून मी त्याच्याच हातात दिलं. "यावर लाव." कसर लागू नये म्हणून तो चिकटवायच्या खळीत मोरचूद घालायचा. ती ढवळता ढवळता म्हणाला, "लावतो की. माझं नाव कोन वाचून राहिलंय?" पुढे मी विभागप्रमुख झालो, तो परिचर म्हणूनच निवृत्त झाला. प्रबंधाच्या सुरुवातीला मी ग्रंथपालाचेसुद्धा आभार मानले आहेत. त्याचे नाहीत. त्याच्या आजारपणात सुनंदानं दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मी गुडघ्यांचं कारण सांगितलं.

मागच्या आठवड्यात महाविद्यालयात जाऊन ते कपाट उघडून घेतलं. सोबत ओला कापूस नेला होता. लेबल भिजवताना खालचं अक्षर पुसलं जाईल, अशी धास्ती होती. शेजारच्या एका कागदाचं लेबल आधी काढून पाहिलं. नखसुद्धा शिरेना. ज्ञानोबा पूर्ण पाठीला खळ माखून लावायचा, त्याची पद्धतच ती. मग तुरीचा कागद घेतला. कापूस टेकवण्याआधीच, नुसत्या नखानं, माझं नाव अख्खं सुटून हातात आलं. त्याच्या फक्त चार कोपऱ्यांना खळीचा एकेक ठिपका होता.

खाली त्याचं नाव स्वच्छ, जसंच्या तसं. त्यानं माझं लेबल काढता यावं असंच लावलं होतं... आणि माझा हात तिथे पोचायला त्याला जावं लागलं.