पुलाखाली धुतलेली गौर

शाळा माझी नववीत सुटली. तरी इथे जर्मनीत, डार्मश्टाटच्या विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंनी मला कामावर घेतलं, हे अजून खरं वाटत नाही. मिनीजॉब होता, आठवड्याचे थोडेच तास. गमबूट घालून दलदलीत उतरायचं, हातात उंच काठी, काठीच्या टोकाला जागा टिपणारं यंत्र. गुलाबी फुलांच्या झाडाशी काठी रोवायची आणि ओरडायचं, "इथे आहे!" नुसत्या बोरूच्या उंच गवतात रोवायची, "इथे नाही!" बाई टॅबवर टिपून घेत. मग वरून ड्रोन फोटो काढी, आणि आमच्या त्या आहे-नाहीवरून कॉम्प्युटर बाकीची दलदल आपली आपण ओळखायला शिके. पडद्यावर बोरू हिरवा आणि ते झाड भडक गुलाबी दिसे.

झाड म्हणजे तेरडाच. आपला नव्हे, हिमालयातला, माणसाहून उंच. कुणीतरी हौसेनं बागेत लावला, तिथून तो निसटला, आणि आता पाण्याच्या काठी दुसरं काही उगवू देत नाही. पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती फुटते, बी पाण्यात पडतं, पाणी नेईल तिथे रुजतं. रेल्वेपलीकडच्या कालव्यावर त्याचं रान माजलं होतं. पण आम्ही राहतो त्या गावातला ओढा, आणि तो जिथे संपतो ती ऱ्हाइनच्या जुन्या पात्रातली दलदल अजून स्वच्छ होती. बाई म्हणायच्या, "एवढी एकच उरली आहे. इथे ते पोचलं, तर आपण नुसते फोटो काढत बसलो असं होईल."

त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. चिपळूणकडच्या आमच्या घरी गौर तेरड्याची असते. पाणवठ्यावरून मुळासकट आणायची, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, मागे बघायचं नाही.

गौरी आणायच्या दिवशी मी कामावरून परतले आणि बसमधून उतरले, तर सासूबाई ओढ्यावरच्या पुलाकडून येत होत्या. डोक्यावर पदर, छातीशी धरलेले उंच गुलाबी तुरे, मुळांतून पाणी ठिबकतंय.

"आई! हे कुठून आणलंत?"

त्या समोर बघत चालत राहिल्या. ओठ घट्ट मिटलेले. मी शेजारून चालायला लागले. नजर नुसती शेंगांवर. एक माझ्या बाहीपाशी फट्‌कन फुटली. मी जॅकेट काढून तुऱ्यांभोवती गुंडाळलं. सासूबाईंनी डोळे वटारले, पण शब्द काढला नाही.

दारात गौरीच्या पायांवर पाणी घातलं, तिला पाटावर बसवलं, तेव्हा कुठे त्यांचं तोंड उघडलं. "अगो, गौरीला वाटेत हटकतात होय? आणि वर तो घामट कोट गुंडाळलास!"

"आई, मुळं ओली कशी?"

"म्हणजे? ट्रेनमधून दिसला होता मला तेरडा, रुळांपलीकडे. तिथून आणला. चिखलासकट देवी घरात घेऊ? पुलाखाली खळाखळा धुतली."

पुलाखालचं पाणी थेट त्या दलदलीत जातं.

नवरा घरी आल्यावर म्हटलं, "अहो, बाईंना सांगायला हवं."

"सांगितलंस तर काम जाईल. आणि कळणार कुणाला? बी काय ड्रोनला दिसतं?"

"पुढच्या वर्षी फूल दिसेल ना."

त्यानं फोन माझ्यापुढे सरकवला. मला हे काम कसं मिळालं होतं, त्याला ठाऊक होतं. इतर ठिकाणी सगळ्यांनी आधी सर्टिफिकेट मागितलं होतं. बाईंनी फक्त विचारलं होतं, "चिखलाची भीती वाटते का?"

फोन लावला. जर्मन शब्द सगळे पळून गेले होते. कसंबसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आल्झो, बरं. नेमकं कुठे धुतलं?"

त्या गमबुटातच आल्या. पाटावर मुखवटा लावलेली, हिरवं लुगडं नेसलेली गौर बघून त्या दारातच थबकल्या. सासूबाई कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाल्या. "लग्न झालंय का गो हिचं?"

"मला काय माहीत, आई!"

"असू दे, लावते. आल्या पावली रिकामी कशी धाडू?"

कपाळावर कुंकू घेऊन बाई ओढ्यावर आल्या. सासूबाईंनी दगड दाखवला. मी त्या दगडाशी काठी रोवली आणि विचारलं, "'आहे' ओरडू की 'नाही'?"

"गेनाऊ, तेच तर," बाई म्हणाल्या. "आज ते कुणालाच सांगता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात बघू. तेव्हा तू हवीस इथे."

मी मान हलवली.

विसर्जनावरून मात्र घरात जुंपली. सासूबाईंना वाहतं पाणीच हवं होतं. शेवटी शेंगा पिशवीत घालून कापल्या, गौर बाथटबमध्ये नेली, आणि सासूबाई म्हणाल्या, "सोड नळ. हेही वाहतंच म्हणायचं." झाडं बांधून बाई जाळायला घेऊन गेल्या.

वर्षभर मी त्या पुलावरून जाताना खाली बघायचं टाळलं. उन्हाळ्यात ड्रोन ओढ्यावरून फिरला. आम्ही काठावर टॅबवर वाकून उभ्या. हिरवं, हिरवं, आणि पुलाच्या जरा खाली एक गुलाबी ठिपका.

मी पाण्यात उतरले. झाड माझ्या खांद्याएवढं होतं, फुलं नुकती उमललेली, शेंग धरली नव्हती. बुंध्याशी हात घालून उपटलं. दुपारी चिपळूणहून सासूबाईंचा फोन आला, त्यांनाही घोर लागलेला.

"किती निघाले गो?"

"आतापर्यंत एकच."

"मुळासकट काढलास ना?"

"मुळासकट काढला, आई. आणि धुतला नाही."

चिखल तसाच ठेवून झाड पिशवीत बांधलं होतं. बाई दलदलीचे फोटो उघडत होत्या; ती अजून बघायची राहिली होती. मी फोन ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.