नारिंगी दिव्यावरची चिकटपट्टी

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सात वर्षं सर्व्हर सांभाळत होते. काचेच्या खोलीत एक रॅक आणि त्यातल्या एका यंत्रावर सगळ्या पेशंटचे रिपोर्ट. रोज सकाळी पंख्यांचा वेग, आतलं तापमान, डिस्कची तब्येत तपासून मी लॅब चालवणाऱ्या साहेबांना तक्ता पाठवायचे. साहेब तो उघडत नसत. शिवाजी पार्कला पाच फेऱ्या मारून येणारा हा माणूस मनगटावरच्या घड्याळात स्वतःची नाडी दर दहा मिनिटांनी बघायचा. सर्व्हरकडे बघायला मात्र त्याला वेळ नव्हता.

एका सोमवारी एका डिस्कसमोरचा हिरवा दिवा नारिंगी झाला. डिस्क गेली होती. एक गेली तरी उरलेल्या काम निभावून नेतात. दुसरी गेली की सगळंच बसतं. मी केबिनमध्ये जाऊन हे सांगितलं.

"चालतंय ना पण?" साहेब म्हणाले.

"आज चालतंय."

"मग पुढच्या महिन्यात बघू. आणि हो, उद्या पाहुणे येतायत लॅब बघायला. तो दिवा बरा नाही दिसत. काहीतरी लाव त्यावर."

मी लावलं. काळी चिकटपट्टी, मापात कापून. साहेबांना नावं ठेवायचा माझा हक्क तिथेच अर्धा झाला. पाहुण्यांना काचेतून सगळं हिरवंगार दिसलं आणि ते खूश होऊन गेले. त्यानंतर साहेबांनी माझे इशाऱ्याचे मेल परस्पर कचऱ्यात जातील अशी सोय करून घेतली. ती कशी करायची, हेही मलाच विचारून.

अकराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, दुसरी डिस्क गेली. काउंटरवरची रांग जागच्या जागी थांबली. पुढे लालबागहून आलेले एक आजोबा होते. दुपारी त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांना रक्ताचा रिपोर्ट हवा होता.

"रक्त कालच दिलंय," ते म्हणाले. "कागद द्यायला काय अडचण?"

"काका, टेक्निकल प्रॉब्लेम आहे," साहेब म्हणाले. "तो कुणाच्या हातात नसतो."

मी मागेच उभी होते. "आजोबा, आमच्या हातात होतं," मी म्हणाले. "आम्ही केलं नाही."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. नाडी वाढली असावी.

रक्त तपासणाऱ्या यंत्रात कालचे आकडे अजून होते. मी आत जाऊन टेक्निशियन बाईंकडून ते कागदावर उतरवून घेतले, लॅबच्या डॉक्टरांनी पडताळून सही केली. आजोबांनी कागद दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि निघून गेले. ऑपरेशन त्याच दुपारी झालं, असं नंतर कळलं. बाकीचे रिपोर्ट मी घेऊन ठेवलेल्या बॅकअपवरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत आले.

साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवला: आपल्या सततच्या देखरेखीमुळे मोठं नुकसान टळलं. पुढच्या आठवड्यात नव्या डिस्क आल्या. एक हातात धरून, रॅकला टेकून, त्यांनी फोटो काढून घेतला.

फोटो मीच काढला.