उतरता डावा खांदा

नाटक कंपनीचे शिंपीमास्तर कुणाला टेप लावत नसत. डोळा बारीक करून माणसाला वरून खाली बघितलं, की झालं माप. या नजरेतून फक्त त्यांच्या स्वतःच्या पोटाचा घेर वर्षानुवर्षं निसटत आला होता.

नवं संगीत नाटक दोन तरुणांच्या प्रेमाचं होतं. घरच्यांनी हाकललेली माणसं एका गच्चीवरच्या खोलीत एकमेकांची आई, भाऊ, आत्या होऊन राहतात आणि शेवटी त्या दोघांचं लग्न लावून देतात. गाणी लागली की मास्तरांचा पाय ताल धरायचा. संवाद सुरू झाले की मशीन जोरात चालायचं.

रंगीत तालमीला नायकानं लग्नाचा कोट चढवला आणि पेटीवाल्या बाईंचे हात थांबले. डावा खांदा दोन बोटं खाली उतरला होता.

"मास्तर, हा कुणाचा कोट? मी लग्नाआधीच दमलेला दिसतोय," नायक म्हणाला.

"घ्या आता टेप," पेटीवाल्या बाई म्हणाल्या. "आम्ही नाही कुणाला सांगणार."

सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्यांचे कान तापले. तो खांदा त्यांना पाठ होता. बहीण गेल्यावर भाचा त्यांच्याकडेच वाढला. शाळेच्या पहिल्या सदऱ्यापासून ते त्याचा उतरता डावा खांदा सांभाळून घेत आले होते. गेल्या वर्षी तोच भाचा मित्राला घेऊन दारात आला होता. "मामा, आम्हा दोघांना लग्नाचे कोट शिवशील?" मास्तरांनी "असले कपडे मी शिवत नाही," म्हणून दार लावलं होतं. आता पगार घेऊन नेमके तेच शिवत होते.

नायकाला त्यांनी दुसरा कोट शिवला. पहिला काखेत मारून, वर्षभर टाळलेल्या रस्त्यानं ते भाच्याकडे गेले. दार मित्रानं उघडलं. हाताला कणीक.

"मी शिंपी," मास्तरांच्या तोंडून निघालं. "कोट द्यायचा होता."

मित्र आत वळून म्हणाला, "अरे, मामा आलेत. शिंपी म्हणतायत."

भाचा आला. त्यानं कोट घातला. खांदा बरोब्बर बसला.

"लग्न झालं आमचं," तो म्हणाला. "भाड्याचे कोट आणले होते. माझ्या खांद्याला ह्यानं पिना लावल्या."

मास्तरांना नजर वर करवेना. "बाही लांब वाटते का रे?"

"बाहीचं राहू दे, मामा. दुसरं काय असेल ते बोल."

"तेव्हा दार लावलं, त्याची लाज वाटते रे," मास्तर म्हणाले.