नाकासमोर जावा की!

काही घरांत रद्दी साठते, काही घरांत प्लॅस्टिकचे डबे साठतात. आमच्या घरात मी रस्ता चुकल्याचे किस्से साठलेत. रद्दी निदान महिन्याला कुणीतरी घेऊन जातं, हे किस्से घेऊन जायला कुणी येत नाही. उलट येणारा-जाणारा त्यात भर घालतो. मला यायला उशीर झाला तर घरचे आता काळजीसुद्धा करत नाहीत. चहाचं आधण ठेवतात आणि मी दारात दिसले की विचारतात, "आज कुठं?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शरीरातली कुठली नस कुठून निघते, कुठे वळते आणि कुठे जाऊन पोचते, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगते. पण राजारामपुरीतल्या आमच्या क्लिनिकमधून बाहेर पडून घरी जायचं, तर गेटजवळ क्षणभर उभं राहून विचार करावा लागतो. आणि माझं काम काय? तर लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणं! क्लिनिकमधली माझी पार्टनर वैशाली म्हणते, "तुझ्या कुंडलीत गुरू आणि गूगल दोघंही वक्री आहेत."

* * *

सुरुवात लग्नाच्याही आधी झाली. माझं माहेर शिरोळचं, शेतकरी जैन घर. महावीरचं स्थळ कोल्हापुरातलं. घरच्यांची बोलणी झाली आणि आम्ही दोघांनी एकदा बाहेर भेटावं असं ठरलं. जागा ठरली रंकाळा.

आता रंकाळा म्हणजे तळं. तळ्याला काठ असतो आणि काठावर माणूस चुकू शकत नाही, असा माझा समज होता. मी उतरले आणि फोन केला. "पोचले. तुम्ही?"

"मी पण. भेळेच्या गाड्यांपाशी."

मला गाड्या दिसेनात. म्हटलं, "मी चालत येते." तो म्हणाला, "मीही निघतो, म्हणजे मध्येच गाठ पडेल."

चालतोय, चालतोय, गाठ काही पडेना! दोघंही एकाच दिशेनं चाललो होतो. तो माझ्या मागे आणि मी त्याच्या पुढे, मध्ये अख्खं तळं. मी फोनवरच लाजून म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. मला रस्ते कळत नाहीत."

"त्यात काय एवढं! कोल्हापूर केवढंसं गाव आहे?" तो म्हणाला. "तुम्ही फक्त थांबा. काही करू नका. थांबा!"

मी थांबले. घामाघूम होऊन तो आला, आणि मला तिथंच आवडला.

लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात मला शोधायला कधी कसबा बावडा, कधी उचगाव, कधी आणखी कुठे असं करून झाल्यावर तो म्हणाला, "कोल्हापूर एवढं मोठं आहे, हे मला तुझ्यामुळे कळलं!"

* * *

राजारामपुरीच्या गल्ल्यांना नंबर आहेत. नंबर असले की चुकायला नको, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा पुढचा किस्सा.

एका आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वैशालीनं मला गल्ली सांगितली, घराचा रंग सांगितला, दारात जास्वंद आहे म्हणून सांगितलं. मी गेले. घराचा रंग तोच, जास्वंदही होती. दार उघडं आणि आत कॉटवर एक आजी पाय लांब करून बसलेल्या.

"ये ये," आजी म्हणाल्या. "कवाधरनं वाट बघत्या!"

मी लगेच कामाला लागले. पाय वाकवून घेतला, सरळ करून घेतला, घोट्याचे व्यायाम झाले, मांडीला मसाज झाला. पेशंट एकदम गुणी! दुखतंय म्हणून एकदाही ओरडल्या नाहीत. टाके दिसले नाहीत तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मला वाटलं, काय सुंदर सर्जरी केलीय!

तेवढ्यात आतून सूनबाई आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही कोण?"

"फिजिओ."

"आम्ही कुठं बोलावलंय? आत्याबाई, ह्या कोण आहेत?"

आजींनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "कोण का असंना! तू आल्यापासनं माझं पाय दाबलंस का कधी?"

मी जी पळाले! खरं घर पलीकडच्या गल्लीत होतं. पण दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये फोन आला तो ह्या सूनबाईंचा. आवाज अगदी पडलेला. "कालच्या मॅडमना पाठवा हो. आत्याबाई सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसल्यात."

* * *

शिवाजी पेठेत एका निवृत्त मास्तरांचा खांदा धरला होता. मॅप लावून निघाले. गल्लीतून गल्ली, बोळातून बोळ, आणि मग फोनमधली बाई मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाली की तुम्ही पोचलात. समोर उघडा दरवाजा. मी उंबऱ्यावरूनच नेहमीच्या आवाजात हाक दिली, "खांदा कुणाचा दुखतोय?"

आत तालीम होती! तांबडी माती, आणि लंगोट लावलेले आठ-दहा पैलवान माझ्याकडे बघत उभे.

पण कोल्हापूरचे पैलवान सरळ मनाचे. विचारलंय तर उत्तर द्यायला पाहिजे. दोघा-तिघांनी हात वर केला.

मागून एक जण केविलवाण्या आवाजात म्हणाला, "मॅडम, माझा लई दुखतोय. हात वरच जाईना!"

वस्ताद बाहेर आले. त्यांनी मला मास्तरांचं घर दाखवलं आणि जाता जाता हळूच विचारलं, "रविवारी येशीला का? भाईरच्या कट्ट्यावर बसवतो सगळ्यांस्नी." त्या रविवारी मी आणि वैशाली जाऊन आलो. वैशालीनं मला घरून उचललं आणि घरी आणून सोडलं, हे सांगायला नकोच.

* * *

रस्ता विचारायचीही मला भीती वाटते. कारण कोल्हापूरचा माणूस रस्ता सांगून थांबत नाही. "नाकासमोर जावा की" एवढं म्हणतो, पण तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडला नाही हे दिसलं की गाडीला किक मारतो. "चला, माझ्या मागनं या!"

असाच एक भला माणूस पुढे निघाला. पांढरा शर्ट, काळी मोटारसायकल. मी स्कूटीवर मागे. मध्ये सिग्नल लागला, सुटला, मी पांढऱ्या शर्टावरची नजर हलवली नाही. तो वळला की मी वळायची. शेवटी तो एका बंगल्याच्या फाटकात शिरला. मीही शिरले.

माणूस उतरला, वळला, आणि मी पाहिलं की हा तो नव्हेच! सिग्नलला पांढरे शर्ट बदलले होते.

"काय पाहिजे ताई?" तो घाबरून म्हणाला. तोवर त्याची बायको पायरीवर आलेली. कमरेवर हात. माझ्याकडे बघतेय, नवऱ्याकडे बघतेय.

मी रडायच्या बेतात. "वहिनी, मी रस्ता चुकले. दुसऱ्याच्या मागे चालले होते, चुकून ह्यांच्या मागे आले."

वहिनींच्या कमरेवरचे हात खाली आले. "तरीच!" त्या म्हणाल्या. "चुकल्याशिवाय ह्यांच्या मागं कोण येणार?"

मग चहा झाला, चिवडा झाला.

* * *

आता आमच्या सासूबाईंचा. मी त्यांना आई म्हणते. नणंदेच्या मुलीचं बारसं ठरलं होतं आणि बाळाला वाळे आणायचे होते. चांदीचं काम म्हटल्यावर हुपरीलाच जायचं. महावीर कामात, सासरे गावाला. मी म्हटलं, "आई, चला. मी नेते." आई लगेच पुढच्या सीटवर येऊन बसल्या. मला इतका आनंद झाला! घरात कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकला होता.

थंडीचे दिवस, कारखाने सुरू झालेले. उसानं भरलेले ट्रॅक्टर पुढे चाललेले, त्यांच्या मागून आम्ही. आई खिडकीची काच खाली करून बसलेल्या. मध्येच म्हणाल्या, "ते तळं बघ किती छान." मध्येच म्हणाल्या, "थांब, पेरू घेऊ." रस्त्याकडेला गाडी लावून आम्ही तिखट-मीठ लावून पेरू खाल्ले.

बराच वेळ झाला, हुपरी येईना. शेवटी एक मोठी चिमणी दिसली, धूर, मळीचा वास. चहाच्या टपरीवर एका काकांना विचारलं, "चांदीचे वाळे, पैंजण कुठं मिळतात हो?"

काकांनी कप खाली ठेवला. "पावणं, ही बिद्री हाय. हितं साखर करत्यात. गोड लागंल, पर वाजणार न्हाय!"

हुपरी एकीकडे, बिद्री दुसरीकडे. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "आई, माफ करा. मला कळलंच नाही."

"मला कळलं होतं की," आई शांतपणे म्हणाल्या. "कळंब्याचं तळं लागलं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझे सासरे कधी रस्ता चुकत नाहीत गं. लग्न झाल्यापासनं जिथं जायचं म्हणून निघालो, तिथंच नेऊन पोचवलंय. आज पहिल्यांदा फिरायला आल्यासारखं वाटलं!"

तिथं आम्ही गरम भजी खाल्ली, काकवीची बाटली घेतली आणि परत आलो. पुढच्या रविवारी महावीरनं आम्हाला हुपरीला नेलं. अगदी सरळ, न थांबता. वाळे छान मिळाले. आईंना जाताना आणि येताना दोन्ही वेळा गाडीत झोप लागली.

* * *

आणि आता दत्तूमामांचा.

दत्तूमामा फुलेवाडीत राहायचे. सगळा जन्म एसटीत ड्रायव्हर म्हणून गेलेला. रिटायर झाले आणि मग पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. मी रोज जायची. हात थोडा हलायला लागला, आधारानं उभे राहायला लागले, पण उजवं पाऊल काही दाद देईना. "मामा, पाऊल खाली दाबा," मी म्हणायची. मामा भिंतीकडे बघत बसायचे. बोलणं तर नाहीच. स्पीच थेरपीची बाई येऊन जायची, अक्षरं गिरवून घ्यायची. मामांचे ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. मग ओठ हलवायचंही त्यांनी सोडून दिलं.

मामी मात्र दोघांचं बोलायच्या. "ह्ये चहा नको म्हणत्यात." "ह्यांस्नी उकडतंय." मामा काहीच म्हणालेले नसायचे. एकदा स्वयंपाकघरात मामी मला म्हणाल्या, "आयुष्यभर लई वरडत हुतं ओ माझ्यावर. आता घर कसं खायला उठतंय. एकदा शिवी दिली तरी चालंल."

एक दिवस मी गेले तर दोघं तयार होऊन बसलेले. मोठ्या डॉक्टरांकडे तपासणीला जायचं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला, ठरवलेली रिक्षा आली नव्हती, वेळ टळत चाललेली. मामींचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "मी नेते. माझी कार आहे आज."

मामांना पुढे बसवलं, पट्टा लावला. मामी मागे. मी मामींना सांगून टाकलं, "मामी, मला रस्ते नीट कळत नाहीत. लक्ष ठेवा."

"मी कुठलं सांगू?" मामी म्हणाल्या. "मी गाडीत बसलं की डोळं मिटून घेती. रस्ता ह्ये बघायचं."

निघालो. पहिल्या चौकात मी डावीकडे घेतलं. मामांचा डावा हात डॅशबोर्डवर आपटला. मी म्हटलं, "गचका बसला का? सॉरी हं मामा." पुढे एका बोळात शिरले, तो पुढे बंद. रिव्हर्स घेताना मामांचा हात पुन्हा आपटला. मला वाटलं, त्यांना त्रास होतोय. मी आणखी गोंधळले. फोनमधली बाई काहीतरी सांगत होती, मागून हॉर्न वाजत होते, आणि फिरून फिरून एक पेट्रोल पंप समोर आला.

मामींनी एक डोळा उघडला. "ह्यो पंप मगाशी बी लागला हुता की!"

मी मामांकडे पाहिलं. ते लालबुंद झाले होते. कपाळावर घाम. आणि त्यांचं उजवं पाऊल पायाखालच्या मॅटवर करकचून दाबलेलं होतं, तिथं नसलेला ब्रेक लावत!

आता गाडी बाजूला घ्यावी म्हणून मी स्टिअरिंग वळवणार, तोच शेजारून आवाज फुटला. घोगरा, चिरका, पण अख्ख्या बसला ऐकू जाईल असा.

"उजवीकडं!"

मी इतकी दचकले की गाडी डावीकडे घातली.

"उजवीकडं म्हटलं की गं!!"

मी गचकन ब्रेक मारला. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मामा धापा टाकत माझ्याकडे रागानं बघत होते. मला पुढचा रस्ता दिसेना, डोळ्यांत पाणीच एवढं आलेलं.

मागच्या सीटवरून मामी पुढे वाकल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या,

"डॉक्टर, आणिक एकदा चुका की!"