टेस्टरअण्णांचा भरवसा

अण्णांच्या शर्टाच्या खिशात मी पेन कधी पाहिलं नाही. तिथे टेस्टर असायचा. लग्नाला जाताना, देवळात जाताना, मतदानाला जातानासुद्धा. आमच्या शेजारी राहायला आल्यावर पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी आमच्या फ्रिजच्या दाराला टेस्टर लावून पाहिला आणि मगच खुर्ची ओढली. "सवय आहे, मनावर घेऊ नका," असं म्हणाले खरे, पण म्हणताना नजर आमच्या मिक्सरच्या वायरवर होती. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीत सगळे त्यांना टेस्टरअण्णाच म्हणत. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण त्याची गरज फक्त पोस्टमनला पडे.

जगातली कुठलीही गोष्ट सांगितल्याप्रमाणे असेल, यावर त्यांचा मुळात विश्वासच नव्हता. दुधात ते रोज लॅक्टोमीटर सोडत. दूधवाला बिचारा तेवढा वेळ हात बांधून उभा राही. गॅसची टाकी घरच्या काट्यावर चढल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसे. पेपरात पावसाचा अंदाज आला की म्हणत, "यांनी खिडकी उघडून पाहिलंय का?" आणि आपण काहीही सांगायला गेलो की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला, "तू मोजलंस, की तुला वाटलं?" मी शाळेत भूगोल शिकवते. वर्गात इतकी वर्षं मीच प्रश्न विचारत आले, पण अण्णांपुढे उत्तर देताना माझी जीभ अडखळायची.

माझी आणि त्यांची गट्टी जमली ती माझ्या स्कूटरच्या हॉर्नमुळे. हॉर्न बंद पडला म्हणून मी तो बदलायला निघाले होते. अण्णांनी कुंपणावरूनच हटकलं. "हॉर्नवाल्याने सांगितलं असेल, हॉर्न गेला. त्याला हॉर्नच विकायचाय." दोन वायरी जोडलेला एक बल्ब त्यांनी आणला, इकडे तिकडे टेकवला आणि बटणाखालचा गंज खरवडून काढला. हॉर्न वाजला. तेव्हापासून त्यांच्या मागच्या अंगणात किल्ली फिरवायला, टॉर्च धरायला मला बोलावणं येऊ लागलं. मला ते मास्तरीण म्हणत.

मागच्या अंगणात पत्र्याखाली त्यांची फियाट होती. ती त्यांनी देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्याकडून आणली होती. व्यापाऱ्याने तिच्या मागच्या सीटवर बरेच उन्हाळे कांदा साठवला होता, त्यामुळे दार उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं. अण्णा अंबडच्या एका कारखान्यात प्लेटिंग खात्यातून निवृत्त झालेले. गाडीचा एकेक नट, बोल्ट, बिजागरी, क्लिप काढून त्यावर घरीच जस्त चढवायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. बाहेर का देत नाही, असं मी एकदा विचारलं. "बाहेर दिलेला बोल्ट तोच परत येतो, हे तुला कुणी सांगितलं?" ते म्हणाले.

त्यांचं प्लेटिंग पाहण्यासारखं असे. आधी गंजका बोल्ट अ‍ॅसिडात, मग घासणं, मग धुणं, मग पुन्हा धुणं. प्लास्टिकच्या टबात दोन्ही बाजूंना जस्ताचे पत्रे आणि मधोमध तांब्याच्या तारेला टांगलेला बोल्ट. करंट जास्त झाला की बोल्ट काळा पडून भुकटी सुटे, कमी झाला की जस्त धरत नसे. अण्णा स्टुलावर बसून मीटरच्या काट्याकडे टक लावून पाहत. डिस्टिल्ड वॉटर दुकानातून आणलेलं असलं, तरी त्यांना त्यात नळाच्या पाण्याचा वास येई. शेवटी पिवळ्या द्रावणात बुडवून काढलं की बोल्ट सोन्यासारखा झळकायचा. त्या क्षणी मात्र त्यांचा चेहरा निवळत असे.

कॉलनीला हे सगळं संशयास्पद वाटणं साहजिकच होतं. अ‍ॅसिडचे कॅन येतात, माणूस दार लावून बसतो आणि बाहेर पिवळंधमक काहीतरी वाळत घातलेलं असतं. अण्णा सोन्याचं पाणी चढवून खोटे दागिने विकतात, अशी कुजबुज सुरू झाली. सोसायटीचे सेक्रेटरी चौकशीला आले. अण्णांनी त्यांच्या हातात मूठभर बोल्ट ठेवले आणि म्हणाले, "घेऊन जा, सराफाकडे मोजून घ्या. पण तो सराफ कोण आहे, ते आधी मला सांगा." सेक्रेटरी चहा न घेताच गेले.

इतक्या संशयी माणसाला एक मित्र होता, हेच आश्चर्य. बापू वायरमन. मूळचे सटाण्याजवळच्या एका गावचे. पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ त्यांचं लहानसं दुकान होतं. अण्णांच्या पहिल्या स्कूटरपासून प्रत्येक गाडीचं वायरिंग बापूंनीच केलं होतं. दर रविवारी बापू चहाला येत. अण्णा त्यांच्या प्रत्येक जोडावर मीटर लावत आणि बापू शांतपणे बशीत चहा ओतत. "लावा, लावा," म्हणत. "मीटर हाय तर लावायलाच पाहिजे." मला वाटायचं, अण्णांच्या संशयाचा राग न येणारा हा जगातला एकच माणूस असेल.

बापू दुकान बंद करून गावी परत जाणार होते. नव्या गाड्यांना संगणक लागतो आणि डोळे आता बारीक तारा पाहू देत नाहीत, असं ते सांगत. जाण्याआधी फियाटचं वायरिंग पुरं करून देतो, हा त्यांचा शब्द होता. अण्णांनी इकडे गाडीला नवा रंग मारून घेतला. प्लेटिंगचा पिवळा रंग टिकावा म्हणून सगळे बोल्ट आणि पट्ट्या एका ताटात मांडून त्यावर पारदर्शक लॅकरचा हात फिरवला. बापूंनी वायरिंग टाकलं, बॅटरीची अर्थिंगची पट्टी जिथे बॉडीला कसायची तिथला रंग नीट खरवडला आणि अण्णांनी दिलेल्या बोल्टने ती घट्ट कसली. सगळं तयार झालं तेव्हा अण्णांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, गाडीपुढे नारळ ठेवला. किल्ली फिरवायचा मान माझा होता.

मी किल्ली फिरवली. टक असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. दिवे लावले तर पणतीसारखे मिणमिणले. ब्रेक दाबला तर डॅशबोर्डवरचा भलताच दिवा जागा झाला.

"यावर काही मारलंय का अण्णा?" बोल्टांकडे बघत बापूंनी विचारलं.

"प्लेटिंगचं मला शिकवू नकोस," अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की मला भीती वाटे. "बापू, खरं सांग. वायरची नवी गुंडाळी दाखवलीस आणि आत जुनी घातलीस ना? जाता जाता?"

बापूंनी पक्कड पुसली आणि पिशवीत ठेवली. एरवी ते आमच्याशी नाशिकचं मराठी बोलत. रागावले की गावाकडची अहिराणी ओठांवर यायची. "इतला वरीस तुमना घर चहा पिधा मी," ते म्हणाले. "आज कळनं, तो बी तुम्ही मोजीसन देत व्हतात." फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. काही दिवसांनी मालेगाव स्टँडजवळचं शटर कायमचं खाली आल्याचं कळलं.

त्यानंतर अण्णांनी ते वायरिंग झपाटल्यासारखं तपासलं. बापूंचा प्रत्येक जोड उघडला, मोजला, बंद केला. वायर नवीच निघाली. जोड चोख निघाले. एखाद्याला यात आनंद झाला असता. अण्णा मात्र दर चांगल्या जोडागणिक अधिक चिडत गेले. बॅटरीवाल्यावर संशय घेतला, स्टार्टर दुरुस्त करून देणाऱ्यावर घेतला, पेंटरच्या पोराने काहीतरी कापलं असेल म्हणाले. एक दिवस तर माझ्याकडेही रोखून पाहत विचारलं, "मास्तरीण, तू किल्ली पूर्ण फिरवतेस ना?" मला फार वाईट वाटलं. मी त्यांना तसं सांगितलंही.

शेवटी काकूंनीच कोंडी फोडली. त्या कधी अंगणातल्या कामात पडत नसत. त्या दिवशी चहाचे कप उचलताना म्हणाल्या, "बापूंचं सगळं मोजून झालं ना? मग आता तुमचं मोजा."

अण्णांनी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी गाडीच्या बॉडीला, आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. काटा जागेवरच राहायला हवा होता. तो जवळजवळ पूर्ण बॅटरी दाखवत वर गेला. म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या वाटेवरच अडत होता. अण्णांनी अर्थिंगचा बोल्ट काढला, तो आणि त्याखालची पट्टी नखाने खरवडली. नखाखाली काचेसारखा पातळ पापुद्रा आला. त्यांच्याच हाताने मारलेलं लॅकर. बोल्ट चमकत होता, घट्ट होता, आणि त्यातून वीज जात नव्हती. आपलं काम तेवढं तपासायचं अण्णांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बोल्ट आणि पट्टी घासून परत कसली तेव्हा गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. अण्णांनी ती लगेच बंद केली. "रविवारी सटाण्याला जायचं," एवढंच म्हणाले. फोन करा, असं मी सुचवलं. "फोनवर बोलायची गोष्ट नाही ही."

रविवारी अण्णा आणि मी फियाटने त्यांच्या गावी पोचलो, तेव्हा बापू घराच्या ओट्यावर बसले होते. गाडी पाहून उठले नाहीत. अण्णांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लॅकर, बोल्ट, मीटर. आवाज नेहमीसारखाच होता, पण हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. "चूक माझी होती, बापू. तुझ्यावर नको तो आळ घेतला," ते म्हणाले.

बापूंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् चूक माझी निघाली असती, तर आले असते का इथवर?"

अण्णा खोटं बोलू शकले असते. मला मनातून वाटत होतं, की त्यांनी बोलावं. "नसतो आलो," ते म्हणाले.

बापूंनी रस्त्याकडे नजर वळवली. "मंग आज जा अण्णा," ते म्हणाले. "आज मला लय राग हाय. पुढच्या रविवारी या. तव्हा मी गाडीत बसंन."

परतताना देवळा आलं. मग मलाच राहवेना. इतकी वर्षं अण्णांच्या सहवासात काढल्यावर मनात शंका येणारच. मी म्हटलं, "अण्णा, त्यांनी खरंच बोलावलंय का? की वाटेला लावलं आपल्याला?"

"बापू बोललाय," अण्णा म्हणाले. "म्हणजे बोललाय. यात तपासायचं काही नाही." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या रविवारी जाणं झालंच नाही. शुक्रवारी अण्णांना ताप भरला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. बापूंना कळवू का, असं मी दोनदा विचारलं. "मी जाईन ना," ते म्हणत राहिले. "बरा झालो की जाईन. तो थांबेल." न्यूमोनिया छातीत पसरला होता. पुढचा सोमवार त्यांनी पाहिला नाही.

बापू दहाव्याला आले. काकूंना भेटले आणि मग अंगणात फियाटपाशी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "त्या रविवारी मी सकाळपासून रस्त्यावर बसलो होतो. नवा सदरा घालून. दिवस मावळला तरी आले नाहीत. मला वाटलं, आला संशय मनात. बापूनं खोटंच बोलावलं असंल, असं वाटलं असंल त्यांना. मी घरी येऊन त्यांना शिव्या घातल्या. त्यांच्या जिवाचं असं झालंय, हे मला काय म्हाईत."

मी त्यांना देवळ्याच्या रस्त्यावरचं सगळं सांगितलं. मी काय विचारलं आणि अण्णा काय म्हणाले, शब्दन् शब्द. बापूंनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"हे त्यांनी मला सांगायचं होतं, बाई," ते म्हणाले, आणि खांद्यावरच्या टॉवेलात तोंड लपवून रडले.